मालूबाईच्या फळीवरची प्रस्थानं

शके १८५७, रथसप्तमी, गुरुवार

पहिली आली मालूबाई. माझ्या सुनेने, निर्मलाने, हळदीकुंकवाला चारचं बोलावणं केलं होतं, ही तीनलाच ओट्यावर हजर. यंदा वाण काय लुटतात ते तिला सगळ्यांच्या आधी कळायला लागतं, म्हणजे आपल्या पेठेत, लोधीपुऱ्यात, परत जाऊन सांगायला बरं. दुसरी आली कडू न्हाव्याची बायको, कोणाच्या घरी कशावरून वाजलं ते सांगत सांगतच उंबरा ओलांडला तिने. आणि तिसरी आली मोटार.

मी काही पुढे नव्हते. विधवा बाईने हळदीकुंकवात पुढे यायचं नसतं, म्हणून मी मागच्या खोलीत तिळाचे लाडू वळत होते. पण मधलं दार मी बोटभर उघडं ठेवते. बोटभर दारातून सगळं बुऱ्हाणपूर दिसतं, ज्याला बघायचंय त्याला.

तर मोटार थांबली, गल्लीतली पोरं धावली, आणि आतून एक जाडजूड बाई उतरली ती सरळ आत येऊन बायकांत बसली. निर्मलाने हळदकुंकू लावलं, हातावर लाडू ठेवला, पितळी पळीचं वाण दिलं, आणि मग विचारलं, "आपण कोण?"

"मी कोकिळाबाई, इंदूरची. दिगंबरची आत्या."

निर्मलाच्या हातातला करंडा पडला. आमची सुलभा, माझी नात, तिचं टिपण मार्गशीर्षात याच दिगंबरसाठी गेलं होतं. होळीनंतर बघायला येऊ असा निरोप होता. आणि सुलभा त्या वेळी पदर खोचून, नाकाला तिळाची पूड लावून मालूबाईशी भांडत होती.

"नटवून दाखवतात तेव्हा मुलगी दिसतच नाही," कोकिळाबाई म्हणाली. "जळगावला लग्नाला चाललो होतो, म्हटलं न सांगता डोकावू."

मुलगा बाहेरच होता. मोटार तापली म्हणून तिला पाणी पाजायचं होतं. सुलभाने बादली नेऊन दिली. मग दुसरी नेली. मग तिसरी. मला माहीत नव्हतं मोटार एवढं पाणी पिते, बैलजोडीसुद्धा एवढं पीत नाही.

मग ठरलं असं. मुलगी पसंत करायची ती दिगंबरच्या आजीने, ती इंदूर सोडत नाही. कोकिळाबाई म्हणाली, "बुधवारी आम्ही जळगावहून परत येतो. खंडव्याला गाडी बदलायची झंझट कशाला, तुम्हा तिघांना मोटारीतूनच घेऊन जाऊ." माझा मुलगा मोतीलाल मास्तर आहे, कशालाही विचार करून सांगतो म्हणायची त्याला सवय. पण मोटार म्हटल्यावर विचार न करताच हो म्हणाला.

हे सगळं सुलभाने दिलेल्या वहीत लिहितेय. अक्षरं तिनेच शिकवली मला, जोडाक्षरात अजून पाय अडकतो. तिला बजावलंय, माझं लिहिलेलं वाचायचं नाही. ती म्हणते, आजी, मी कशाला वाचू.

अष्टमी, शुक्रवार

मोतीलालने शाळेतून नकाशा आणला आणि जेवणाच्या जागी पसरला. आम्ही सगळे भिंतीला टेकून, ताटं मांडीवर घेऊन जेवलो. इंदूर साठ कोस. सकाळी आठला निघायचं, अशीरगड नऊला, खंडवा अकराला, जेवण सनावदच्या अलीकडे झाडाखाली, मग घाट, दिवे लागायला इंदूर. कागदावर माणूस फार लवकर पोचतं.

मी विचारलं, "मोटारीला दुपारची विश्रांती नको?"

"आई, ती यंत्र आहे."

"मग काल तीन बादल्या पाणी प्यायली ती?"

सुलभा उठून आत गेली. ठसका लागला असेल.

भिकन पोस्टमन पत्र टाकायला आला, तो नकाशा बघून बसलाच. त्याचं म्हणणं, मोरटक्क्याला नर्मदेवर मोटार नावेत चढवतात. मोतीलाल म्हणाला, पुलावरून जाते. दोघं अर्धा तास भांडले, आणि दोघांपैकी एकानेही मोरटक्का पाहिलेलं नाही.

माझं मात्र लक्ष एकाच शब्दावर. नर्मदा वाटेत आहे.

आमच्याकडे म्हणतात, गंगेत न्हावं, नर्मदा पाहावी, तापी नुसती आठवावी. तापी मला आठवायची गरज नाही, रोज तिचंच पाणी घड्यात असतं. गंगा लांब राहिली. पण नर्मदेचं नुसतं बघायचं आहे. बघायला काय लागतं, दोन डोळे, त्यातला एक माझा चांगला आहे. सुलभाचे आजोबा होते तेव्हा तीनदा जायचं ठरलं. एकदा कपाशी आडवी आली, एकदा मोतीलालचा जन्म, एकदा ते स्वतःच. लग्न होऊन इच्छापुरातून बुऱ्हाणपुरात आले, त्यानंतर माहेरच्या इच्छादेवीच्या देवळापलीकडे माझं पाऊल पडलेलं नाही. साठी उलटून गेली. हे मी कोणाला बोलले नाही, बोलून काय, म्हातारीला डोहाळे लागले म्हणतील. इथे लिहून ठेवते.

नवमी, शनिवार

वही उशीखाली ठेवली होती, आज गादीखाली सापडली. मीच ठेवली असेन.

धीर करून मोतीलालला म्हटलं, "मी येऊ का रे इंदूरला?"

तो म्हणाला, "आई, पाचच माणसं बसतात. ते दोघं, आम्ही तिघं."

"मी खाली बसेन, पायांपाशी. सामान समज."

तो नकाशात बघत बसला. निर्मला वाटाणे सोलत होती, ती जास्तच वेगाने सोलायला लागली. जागेचं नाही ते, मला कळतं. मुलगी दाखवायला निघताना विधवा बाई गाडीत कोण घेतं. त्याच्या तोंडून ते निघालं नाही, हे त्याचं चांगलंच. वाईट वाटलं का म्हणाल तर वाटलं. पण मग वाटाणे मीच सोलले, नाहीतर तिने अर्धे जमिनीवर उडवले असते.

दशमी, रविवार

गोटू जोशी आला आणि त्याने सगळा बेत मोडला. गोटू हे त्याचं लहानपणीचं नाव, आता दाढी पिकली तरी तेच चालतं.

"बुधवारी?" तो म्हणाला. "बुधवारी उत्तरेला दिशाशूळ. इंदूर उत्तरेला. आणि तेही मुलीच्या कामाला?"

मोतीलाल म्हणाला, ते लोक जळगावहून बुधवारीच येणार, त्यांना काय थांबवता येतं. निर्मला रडकुंडीला आली.

"फिकर कशाला," जोशीबुवा म्हणाला. "प्रस्थान ठेवा. उद्या एकादशी, सोमवार, दिवस साफ आहे."

प्रस्थान म्हणजे असं, की प्रवासाचा दिवस वाईट असला तर चांगल्या दिवशी आपल्या नावाचं गाठोडं घराबाहेर काढायचं. अंगावरचं एखादं वस्त्र, त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड. ज्या दिशेला जायचं त्या दिशेला कोणाच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं की माणूस निघालं. मग कधीही जाऊन गाठोडं उचलायचं आणि पुढे चालायचं, शूळ लागत नाही. लोधीपुरा आमच्या उत्तरेला, म्हणून मालूबाईच्या घरी ठेवायचं ठरलं.

मी जोशीबुवाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "गाठोडं ठेवलं आणि माणूस गेलंच नाही तर?"

"छे छे. प्रस्थान मागे फिरवणं फार वाईट. पाच रातींच्या आत माणसाने गाठोडं गाठलंच पाहिजे. आणि शेजारी ठेवलेली दुसरी प्रस्थानंसुद्धा मोडतात त्याने."

"असं असं," मी म्हटलं, आणि त्याला दराब्याचा दुसरा लाडू दिला. त्याला वाटलं मी भाविक आहे.

एकादशी, सोमवार

झालं काम.

सकाळी सुलभा तिघांची गाठोडी घेऊन मालूबाईकडे निघाली. मी म्हटलं, एकादशी आहे, देवळात जाऊन येते. देऊळ अलीकडे आहे, मी पलीकडे गेले. पदराखाली माझं गाठोडं, पांढऱ्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं. सुलभा ठेवून गेल्यावर मी आत शिरले.

मालूबाई म्हणाली, "काय व मनकर्णा, चोरी करून आलीस का?"

"चोरी करून नाही, ठेवायला आलेय," मी म्हटलं, आणि त्याच फळीवर तिघांच्या मधोमध माझं ठेवलं. "उत्तरेला चाललेय मी."

ती हसून हसून जमिनीवर बसली. तिच्या नवऱ्याला, भाईदासभाऊंना, कमी ऐकू येतं, त्यांना तीनदा ओरडून सांगावं लागलं. तेवढ्यात खिडकीखालून कोणीतरी गेलं, पण कोण ते दिसलं नाही.

संध्याकाळी मोतीलालला सांगितलं. त्याने हातातला शिसपेन्सिलीचा तुकडा खाली ठेवला.

"आई, जाऊन घेऊन ये ते."

"आणते की. पण मधोमध आहे. माझं मागे फिरलं की सुलभाचं मोडलं. जोशीबुवाला विचार."

त्याने खरंच पाठवलं विचारायला. उत्तर आलं, मोडतं. मोतीलालने नकाशा गुंडाळला. माझ्या मुलाचा चेहरा त्याच्या वडिलांसारखा होतो असं काही झालं की. निर्मला म्हणाली, "आता सासूबाई बसणार तरी कुठे?" पण ती पदराआड हसत होती, असं मला वाटलं.

मी ही युक्ती कोणालाच सांगितलेली नाही. मालूबाईला सांगितली, कारण फळी तिची. कडू न्हाव्याच्या बायकोला सांगितली, कारण ती वाटेत भेटली आणि कुठे गेला होतात म्हणाली, एकादशीच्या दिवशी खोटं कसं बोलायचं. भिकन पोस्टमनला नुसतं अर्धं सांगितलं. कौतिक शिंप्याच्या बायकोला शपथ घालून सांगितलं, कोणाला बोलू नको म्हणून. बाकी कोणाला नाही.

द्वादशी, मंगळवार

या गावात एक गोष्ट गुप्त राहील तर शपथ. मालूबाईचंच तोंड, दुसरं काय.

सकाळी ती पळत आली. "माय, माझ्या घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. चल बघ."

गेले. फळीवर अकरा गाठोडी. आमची चार. कौतिक शिंप्याचं एक, त्याला खंडव्याला मेहुण्याकडे जायचंय, तो म्हणतो, खंडव्यापर्यंतच, पुढे तुम्ही मोकळे. भिकनचं एक, त्याला नाव की पूल याचा निकाल स्वतःच्या डोळ्यांनी लावायचाय. न्हाव्याच्या बायकोचं एक, तिची लेक सनावदला दिली आहे. मालूबाईने स्वतःचं ठेवलं, मग भाईदासभाऊंना एकटं कसं सोडायचं म्हणून त्यांचंही ठेवलं. दहावं गोटू जोशीचं. त्याला म्हटलं, जोशीबुवा, तुम्ही पण? तो म्हणाला, "मुहूर्त मीच काढला, इतका चांगला मुहूर्त स्वतः वाया घालवू का?" अकरावं कोणाचं ते कोणालाच माहीत नाही, आणि त्याला हात लावायची कोणाची हिंमत नाही.

प्रस्थान निघालं की माणूस निघालं, हा नियम मीच गावभर पिकवला म्हणे. असं मोतीलाल म्हणतो. तो दुपारभर ओट्यावर डोक्याला हात लावून बसला होता आणि लोक येऊन त्याला विचारत होते, मास्तर, मोटार नक्की किती वाजता.

पाचाच्या मोटारीत सहावी मी कशीतरी कोंबली गेले असते. अकरात माझी पत्रास काय.

त्रयोदशी, बुधवार

आले. मोटार लोधीपुऱ्यात मालूबाईच्या दारात थांबली, कारण गाठोडी तिथे. तिथे एवढे लोक जमले होते की कोकिळाबाईला वाटलं कोणी वारलं. उतरताच तिने डोक्यावरून पदर घेतला.

मोतीलालने तिला सांगायला सुरुवात केली, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. तो प्रस्थानापर्यंत आला आणि थांबला. मग दिगंबरने फळीकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "आत्या, यांच्याकडे मुलगी दाखवायला माणसं नेत नाहीत, पेठ नेतात."

सुलभा म्हणाली, "तुमच्याकडे न सांगता घरात घुसतात, त्याचं काय?"

मी म्हटलं, झालं, मोडलं लग्न, पोरीची जीभ तिच्या आजोबांवर गेली. पण तो नुसता हसत उभा. इंदूरचे लोक अपमानसुद्धा गोड मानून घेतात वाटतं.

इकडे कौतिक मोटारीच्या पायरीवर चढून बसला. न्हावीण म्हणाली, बायका आधी. भिकन म्हणाला, सरकारी माणूस आधी. तेव्हा मला युक्ती सुचली, आणि लिहिताना अजून वाटतं की चांगलीच सुचली होती. मी पुढे झाले आणि म्हटलं, "भांडता कशाला? गाठोडं गेलं म्हणजे माणूस गेलं, हेच ना शास्त्र? मग माणसं राहू द्या घरी. गाठोडी जाऊ द्या मोटारीतून. कोणाचं प्रस्थान मोडत नाही, कोणाचं मन मोडत नाही."

जोशीबुवाने दाढी कुरवाळली. मग म्हणाला, चालेल. त्याला बहुतेक मोटारीची भीतीच वाटत होती. कौतिकने गाठोड्याबरोबर मेहुण्याला निरोप दिला, न्हाविणीने लेकीसाठी शेव दिली, भिकनने दिगंबरला बजावलं की नाव की पूल ते पत्राने कळवा. सगळे खूश. मी पायरीवर एक पाय ठेवला.

मोतीलाल म्हणाला, "आई, तुझंही गाठोडं जाईल की."

त्याने ते हळूच म्हटलं. चेष्टेने म्हटलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. माझा पाय पायरीवर होता आणि सगळा लोधीपुरा बघत होता. शास्त्र मीच सांगितलेलं, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी पाय खाली घेतला आणि म्हटलं, "हो तर. मी कुठे चढत होते, पायरी किती उंच आहे ते बघत होते."

दिगंबर गाठोडी मागे रचत होता. त्याने माझं पांढरं गाठोडं हातात घेऊन विचारलं, "आजी, ठेवलेलं गाठोडं माणसाला गाठावंच लागतं ना?"

"पाच रातींत," मी म्हटलं. "म्हाताऱ्या माणसाला सवलत असेल."

त्याने सुलभाकडे बघितलं. ती मागे बसली होती, माझं गाठोडं तिने मांडीवर मागून घेतलं. मग धूळ उडाली आणि मला काही दिसलं नाही. एका डोळ्याने तसंही कमीच दिसतं.

मालूबाई म्हणाली, "चल व, चहा करते." तिने साखर दुप्पट घातली. आम्ही दोघी रिकाम्या फळीखाली बसून प्यायलो, भाईदासभाऊ विचारत होते, आपण पोचलो का.

चतुर्दशी, गुरुवार

उपास नसताना जेवले नाही. मग जेवले.

माघ वद्य द्वितीया, रविवार

सकाळच्या गाडीने परत आले तिघं. स्टेशनावरून टांग्यात येतानाच निर्मला अशी बसली होती की मला दुरून कळलं, जमलं.

पण कसं जमलं ते सुलभाने पाय धुतानाच सांगायला घेतलं. इंदूरला पोचल्यावर दिगंबरच्या आजीने ओसरीवर गाठोड्यांचा ढीग बघितला. (खंडवा आणि सनावदची वाटेत उतरवली होती, अकरावं, कोणाचं नाही ते, मात्र थेट इंदूरपर्यंत गेलं.) ती म्हणाली, ही एवढी माणसं कुठे आहेत? मग मोतीलालला सांगावंच लागलं सगळं, पहिल्यापासून. मला काय वाटलं असेल सांगा, माझा मास्तर मुलगा परक्या घरी उभं राहून आईच्या चोरीची कथा सांगतोय.

"मग?" मी विचारलं.

"मग त्या एवढ्या हसल्या की दात काढून हातात घ्यावे लागले," सुलभा म्हणाली. "आजी, त्या पण विधवाच आहेत. त्याच घरात सगळ्यांच्या पुढे बसतात."

मोतीलाल तिथेच टॉवेलाने तोंड पुसत होता. पुसून झालं तरी पुसत राहिला.

"त्यांनी मला एकच प्रश्न विचारला," सुलभा म्हणाली. "आजीला कुठे जायचं होतं, इंदूरला की आणखी कुठे? मी सांगितलं."

मी म्हटलं, "तू काय सांगितलंस? मी तर कोणाला बोलले नव्हते."

"कळतं मला," ती म्हणाली.

रक्ताचं नातं म्हणतात ते हेच. पोरीला माझ्या मनातलं दिसतं.

तर आता ऐका. माझं गाठोडं इंदूरला गेलंच नाही. सुलभाने वाटेत सांगितलं म्हणून दिगंबरने ते मोरटक्क्याला, नर्मदेच्या अलीकडच्या काठावर, घाटावरच्या एका भटजीच्या घरी ठेवलं. म्हणजे माझं प्रस्थान आता तिथे आहे, आणि परत आणायचं नाही म्हणजे नाही. आणि त्या इंदूरच्या म्हातारीने मोतीलालला सांगितलं, मुलगी पसंत आहे, पण मुलीची आजी मी अजून पाहिलेली नाही, ती पाहिल्याशिवाय सुपारी फोडणार नाही. जी इंदूर सोडत नाही ती बाई मला बघायला नर्मदेवर येणार आहे. म्हणजे आता मला दाखवायला नेणार.

मोतीलालला विचारलं, "मोटारीत जागा आहे ना रे?"

"तुझ्यासाठी आहे," तो म्हणाला. "मी गाडीने येईन."

पाच राती तर कालच उलटून गेल्या. जोशीबुवाकडे गेले. त्याने पंचांग उघडलं, मिटलं आणि म्हणाला, नर्मदेच्या काठी राती मोजत नाहीत. कुठे लिहिलंय ते मी विचारलं नाही. लिहिलेलं सगळं मला वाचता येतं असं थोडंच आहे.

निर्मला मघाशी माझ्या लुगड्यांची पेटी उघडून बसली होती, कोणतं चांगलं दिसेल म्हणून. सुलभा म्हणते, आजी, नटू नका, नटवलेली मुलगी दिसत नाही. मालूबाई आली होती, तिने विचारलं तेव्हा मी काहीच सांगितलं नाही. फक्त दिवस सांगितला. इथेही लिहून ठेवते. कोकिळाबाई आणि दिगंबर मला न्यायला येणार ते फाल्गुन शुद्ध पंचमीला, गुरुवारी, सकाळी आठला.